चोवीस तासांचं घड्याळ आणि सहा डीव्हीडी

आमच्याकडची नवी पोरं मला विचारतात, "साहेब, सगळं मोबाइलवर असताना तुम्ही अजून डीव्हीडी कशाला सांभाळता?" प्रश्न रास्त आहे, आणि बेंगळुरूच्या पोस्टिंगवर तर जास्तच रास्त. इथे नेट नाही अशी तक्रार कुणी करू शकत नाही. तरीही माझ्या काळ्या ट्रंकेत गणवेशाच्या खाली '२४' या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या सीझनचा संच आहे, आणि दर बदलीला तो माझ्याबरोबर येतो. हेरगिरीच्या मालिकांमध्ये फौजी माणसाने एकच बघायची ठरवली, तर ती ही बघावी, तिचा पहिला सीझन बघावा आणि शक्य झालं तर डीव्हीडीवरच बघावा, असं माझं मत आहे. पण बघताना एका गोष्टीपासून सावध राहावं. ती गोष्टही सांगतो.

आधी मालिकेबद्दल. ६ नोव्हेंबर २००१ ला ती अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. सुरुवातीचं चित्रीकरण त्याआधीच उरकलं होतं, त्यामुळे पहिल्या भागातलं विमानाच्या स्फोटाचं दृश्य कापावं लागलं. कल्पना साधी आहे. एक भाग म्हणजे एक तास आणि चोवीस भाग मिळून एक दिवस. पडद्यावर घड्याळ टिकटिकत असतं. जॅक बाउर हा दहशतवादविरोधी पथकातला माणूस. राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराच्या खुनाचा कट उधळायचा आहे, त्यातच त्याची बायको आणि मुलगी पळवल्या जातात, आणि आपल्याच कार्यालयात कुणीतरी फितूर आहे. हे सगळं एका मध्यरात्रीपासून दुसऱ्या मध्यरात्रीपर्यंत घडतं.

आपल्याकडेही ही मालिका झाली, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. मूळ मालिकेच्या आठव्या सीझनमध्ये अनिल कपूर होता. पुढे त्यानेच ती हिंदीत आणली आणि ४ ऑक्टोबर २०१३ पासून ती कलर्सवर लागली. पहिल्या सीझनचा दिग्दर्शक होता अभिनय देव, म्हणजे आपल्या रमेश देव-सीमा देव यांचा मुलगा. ती शुक्रवारी-शनिवारी रात्री लागायची. आता सांगा, सलग चोवीस भाग शुक्रवार-शनिवार रात्री मोकळा असलेला फौजी कुणी पाहिलाय? एक रात्र गारद, एक रात्र रेल्वेत, मग सुट्टी, मग कोर्स. मधले चार भाग बुडाले की कोण कुणाच्या बाजूचा हेच कळेनासं होतं. रोजच्या सासू-सुनेच्या मालिकेत चार महिन्यांनी परतलं तरी चालतं, हेरकथेत चालत नाही.

डीव्हीडीची किंमत इथे कळते. मूळ '२४'चा पहिला सीझन सप्टेंबर २००२ मध्ये, म्हणजे दुसरा सुरू व्हायच्या आधीच, सहा डीव्हीडींच्या संचात बाजारात आला. जाहिराती वगळल्या की एक भाग साधारण बेचाळीस मिनिटांचा उरतो, आणि सगळे मिळून सतरा तासांच्या आसपास होतात. हा हिशोब आमच्या आयुष्यात बसतो. मी तो पहिल्यांदा पाहिला उत्तरेकडच्या एका चौकीवर. तिथे जनरेटर चालू असेल तेवढाच वेळ टीव्ही, एक प्लेअर आणि वीस माणसं. रोज दोन भाग, जास्त नाही. चौथी डीव्हीडी एका जागी अडकायची. बनियनने पुसून, फुंकर मारून काही होईना, तेव्हा ज्याने आधी पाहिलं होतं तो सिग्नलवाला मधला तुकडा तोंडी सांगायचा. त्याचा तुकडा मूळ मालिकेपेक्षा रंगतदार असायचा, हे आजही मान्य करतो. दुसऱ्या दिवशी लंगरच्या रांगेत एकच चर्चा, फितूर कोण? मोबाइलवर प्रत्येक जण आपापल्या कानात बोळे घालून वेगवेगळ्या भागावर असतो. त्या वीस जणांना मात्र एकाच वेळी तेवढंच माहीत असायचं. पलटणीत यापेक्षा चांगली करमणूक मला सापडलेली नाही.

हेरकथेचं वेड आपल्याला काही टीव्हीने लावलेलं नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर आपल्या आधीची पिढी वाढली. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप एसटी स्टँडच्या स्टॉलवर भेटायचा आणि गाव येईपर्यंत संपायचा. माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी भरतीचं स्वप्न पहिल्यांदा त्या पिवळ्या पडलेल्या पानांत पाहिलं असेल.

पण भरती झाल्यावर कळतं की नोकरीचा मोठा भाग वाट बघण्यात जातो. दोन तास ड्यूटी, चार तास आराम, पुन्हा दोन तास ड्यूटी. ज्या रात्री काही घडत नाही, ती रात्र यशस्वी. असं वर्षानुवर्षं जगणाऱ्या माणसाला जॅक बाउर का आवडतो, हे समजायला मानसशास्त्र लागत नाही. त्याच्या एका तासात आमच्या एका वर्षापेक्षा जास्त घडतं. त्याला मूव्हमेंट ऑर्डर लागत नाही, गाडीसाठी अर्ज करावा लागत नाही, कुणाच्या सहीसाठी बाकावर बसावं लागत नाही. चोवीस तासांत तो जेवल्याचंही मला आठवत नाही.

पुढच्या सीझनपेक्षा पहिला मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात घर आहे. हा माणूस बायकोशी बिनसलेलं नुकतंच जुळवू बघतोय. मुलगी त्याच्याशी मोकळी आहे, आईशी नाही. तेवढ्यात फोन येतो आणि तो "तासाभरात आलो" म्हणून निघतो. हे वाक्य आपल्यापैकी कुणी घरी म्हटलेलं नाही? शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की काम फत्ते होतं आणि त्याची किंमत घर मोजतं. संचात वेगळा चित्रित केलेला एक गोड शेवटही दिला आहे. तो पाहिल्यावर कळतं की निर्मात्यांनी कडू शेवट ठेवला ते बरोबर केलं.

आता सावध कशापासून राहायचं ते. या मालिकेतली खरी फसवी गोष्ट पडद्यावरचं घड्याळ आहे. वेळ संपत आलीय, बॉम्ब फुटणार आहे, समोरच्याला सगळं माहीत आहे. मग त्याला मारलं, जाळलं, बोटं मोडली तरी प्रेक्षक म्हणतो, बरोबरच आहे. पहिल्या सीझनमध्ये हे बरंचसं धमक्यांवर भागतं, पुढे वाढत जातं. अमेरिकेतल्या पालकांच्या एका संघटनेने पहिल्या पाच सीझनमधले छळाचे प्रसंग मोजले, ते ६७ भरले.

त्यावर हरकत घ्यायला कोण गेलं, ते फौजी वाचकांनी लक्षात ठेवावं. नोव्हेंबर २००६ मध्ये वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीचे डीन ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन अनुभवी चौकशी अधिकाऱ्यांना घेऊन कॅलिफोर्नियात मालिकेच्या निर्मात्यांना भेटले. अंगावर गणवेश आणि पदकं पाहून सेटवरच्या लोकांना आधी तो नटच वाटला. फिनेगन कॅडेटना युद्धाचे कायदे शिकवत. त्यांची तक्रार अशी की वर्गात नियम शिकवावा आणि पोरांनी जॅकचं उदाहरण द्यावं. छळ उलटतो असाही एखादा भाग दाखवा, असं त्यांनी सुचवलं. त्याच सुमारास इराकमध्ये काम केलेला एक चौकशी अधिकारी सांगत होता की अशा मालिकांच्या डीव्हीडी तिथल्या सैनिकांमध्ये हातोहात फिरतात, आणि लोक पडद्यावर पाहिलेलं चौकशीच्या खोलीत करून बघतात.

म्हणजे चौकीवर ज्या डीव्हीडीने आमच्या वीस जणांना महिनाभर आनंद दिला, तीच दुसऱ्या एका फौजेत नकळत प्रशिक्षणाचं पुस्तक झाली. आम्हाला ती पुस्तक वाटली नाही, कारण आमचं पुस्तक वेगळं होतं. विशेषाधिकार कायद्याखाली काम केलेल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. पकडलेला माणूस कमीत कमी वेळात जवळच्या पोलीस ठाण्याच्या ताब्यात द्यायचा, हे कायद्याचं कलम ५. माहिती काढण्यासाठी थर्ड डिग्री वापरायची नाही आणि अटकेनंतर सैनिकाने चौकशी करायची नाही, हे लष्कराच्या 'काय करावं, काय करू नये' या यादीत आहे. ती यादी बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं. हे नियम कधीच मोडले नाहीत असा दावा मी करणार नाही. मोडले तेव्हा पलटणीचं नाव गेलं आणि त्या भागातली माहिती देणारी तोंडं बंद झाली, हे मात्र तिथे राहिलेला कुणीही सांगेल. बरं, साधा हिशोब करा. बॉम्ब तीन वाजता फुटणार असेल, तर पकडलेल्या माणसाला फक्त तीनपर्यंत गप्प राहायचं असतं किंवा खोटा पत्ता सांगायचा असतो. घड्याळ त्याच्या बाजूचं असतं.

खरं घड्याळ आपण २००८ मध्ये पाहिलं. मुंबईत २६ नोव्हेंबरच्या रात्री सुरू झालेलं २९ च्या सकाळी थांबलं, सुमारे साठ तासांनी. त्या घड्याळातली दोन माणसं मला बेंगळुरूत हमखास आठवतात. एक इथलाच. मेजर संदीप उन्नीकृष्णन, मूळ पलटण ७ बिहार, तेव्हा एनएसजीत. २८ तारखेला ताजमध्ये जखमी साथीदाराला बाहेर काढायची सोय करून तो हल्लेखोरांच्या मागे गेला आणि धारातीर्थी पडला. येलहंक्यात त्याच्या नावाचा रस्ता आहे. दुसरे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे. लष्करातली नोकरी करून पोलिसांत गेलेला हा माणूस. गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या झेलल्या आणि तो जिवंत सापडला. दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

जिवंत सापडला, यात सगळं आलं. त्यानंतरचं काम कुठल्याही मालिकेत कंटाळवाणं वाटेल असं होतं. जबाब, पंचनामे, साक्षीदार, वकील. मे २०१० मध्ये तो दोषी ठरला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. चार वर्षं लागली. पण हल्ला कुठून आला, कुणी पाठवला, हे जगासमोर पुराव्यानिशी मांडता आलं ते त्या चार वर्षांमुळे.

तर संच मिळाला तर जरूर घ्या. एक व्यवहाराची गोष्ट, मागचं रिजनचं चिन्ह बघा. भारताचा रिजन ५ आहे, अमेरिकेचा १. अमेरिकेहून भाच्याने पाठवलेला संच इथल्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही. बसताना मुलं-पुतणे भरतीची तयारी करत असतील तर त्यांनाही बसवा, आणि रोज दोनच भाग लावा. मध्ये थांबवून त्यांना विचारा, इथे जॅकने काय करायला हवं होतं? निवृत्त मंडळींनी तर हे नक्की करावं. त्या प्रश्नाचं उत्तर जॅकपेक्षा तुम्हाला चांगलं माहीत आहे, आणि ते कुठल्याही डीव्हीडीत मिळत नाही.