दारू सुटली, गोळीचे काय?

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात दारू सोडून माणूस घरी आला की घरच्यांना हायसे वाटते. त्याच्यासोबत आलेली गोळ्यांची पिशवी मात्र कोणी पाहत नाही. दारू तुटताना हातपाय थरथरतात, आकडी येऊ शकते. म्हणून क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपामसारख्या गोळ्या देतात. त्या साधारण आठ-दहा दिवसांत उतरवत बंद करायच्या असतात. जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने चालल्या, तर गोळीचेच व्यसन लागते. २०१४ पासून या गोळ्या एच-१ यादीत आहेत, विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. तपासतो कोण?

मग 'हीपण नशाच' म्हणत घरचे एका दिवसात सगळे बंद करतात. हे तर जास्त घातक! महिनोन्महिने घेतलेली गोळी एकदम तोडल्यास आकडी येऊन जीव जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच, आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी कमी करावी लागते. आणि गर्द सोडवणारे ब्युप्रेनॉर्फिन अनावश्यक समजून फेकायचे नसते.

पैसेवाल्याला डॉक्टर फोनवर भेटतो. आपला माणूस रोजंदारी बुडवून राजावाडीच्या रांगेत उभा राहतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा उपचारही येतो. तेव्हा महापालिकेने यासाठी संध्याकाळचा ठराविक वार ठेवावा आणि कार्यकर्त्यांनी डिस्चार्जच्या कागदावर कोणती गोळी कधीपर्यंत, हे लिहूनच घ्यावे.