फिरता वीजसाठा: आधी जोडणीची जागा

वाहनावर बसवलेले जनित्र किंवा बॅटरी वितरण व्यवस्थेत दोन कामांना येते. वाहिनी तुटली की पलीकडच्या ग्राहकांना तात्पुरता पुरवठा देणे हे एक काम. एखाद्या रोहित्रावर हंगामी भार वाढला की तेवढा भार उचलणे हे दुसरे. दोन्हींसाठी यंत्र तेच असले तरी नियोजन निराळे लागते. खरेदीच्या वेळी चर्चा क्षमतेची आणि किमतीची होते. ते कुठे जोडायचे, कोणी जोडायचे याचा विचार वादळ येऊन गेल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा व्हायला हवा.

निसर्ग चक्रीवादळाचा अनुभव त्यासाठी पुरेसा आहे. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रात त्याचे डिप्रेशन तयार झाले आणि ३ जूनच्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर आले. तयारीला जेमतेम अडीच दिवस मिळाले. पुढे श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या तालुक्यांतली कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. झाडे आणि खांब एकाच वेळी आडवे झाल्याने रस्ते बंद पडले. अशा वेळी पुण्याहून किंवा पनवेलहून निघालेले वाहन घाटातच अडकते. म्हणून वाहन इशारा मिळताच, खाडीच्या आणि घाटाच्या योग्य बाजूला पोहोचलेले असले पाहिजे. वजनही पाहावे लागते. काही मेगावॉट-तास साठवणारा वीस फुटी बॅटरी कंटेनर तीस टनांच्या घरात जातो. कोकणातल्या अरुंद साकवांवरून तो नेण्याचा विचारही करू नये. तिथे दोनशे-तीनशे किलोवॉट-तासांचा ट्रेलरच उपयोगी.

जनित्र आणि बॅटरी यांची जोडी लावणे केव्हाही चांगले. ग्रामीण रुग्णालयाचा भार दिवसा तीस किलोवॉट आणि रात्री पंधरा किलोवॉट आहे असे धरू. तिथे १२५ केव्हीएचे जनित्र एकटे चालवले तर रात्रभर ते क्षमतेच्या पंधरा टक्क्यांवर घरघरत राहते. डिझेल अर्धवट जळते, धुराड्यात काजळी आणि तेल साचते, दुरुस्तीची वेळ लवकर येते. सोबत बॅटरी असेल तर जनित्र दिवसा पाच तास पाऊणशे किलोवॉटवर चालवता येते. तीस किलोवॉट रुग्णालयाला आणि पंचेचाळीस बॅटरीला जातात. मग जनित्र बंद करून, चार्ज-डिस्चार्जमधली घट वजा जाता, सगळी रात्र बॅटरीवर निघते.

पाणीपुरवठ्याच्या पंपाचे गणित वेगळे. त्याला अखंड वीज लागत नाही. टाकी भरेपर्यंत दोन-तीन तास पुरतात. म्हणून जनित्र रुग्णालयाशी स्थिर ठेवून बॅटरीचा ट्रेलर पंपांमध्ये फिरवता येतो. पण थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला पूर्ण भाराच्या सहापट प्रवाह ओढते आणि इन्व्हर्टर तेवढा देऊ शकत नाही. पंपाला सॉफ्ट स्टार्टर आहे का, हे यादीत आधीच नोंदलेले हवे.

सगळ्यात जास्त काळजी जोडणीच्या ठिकाणी घ्यावी लागते. जनित्र लघुदाब बाजूला जोडले आणि रोहित्राचा मुख्य स्विच जोडलेलाच राहिला, तर तेच रोहित्र उलटे काम करते. ४३३ व्होल्टचे ११ हजार व्होल्ट होऊन वीज वाहिनीत शिरते. पलीकडच्या खांबावर परमिट घेऊन चढलेला जनमित्र (लाइनमन) त्या क्षणी मृत्यूच्या दारात असतो. त्यामुळे रोहित्राचा स्विच उघडून कुलूपबंद केल्यावरच जी किल्ली सुटते, तिनेच जनित्राचा ब्रेकर लागला पाहिजे. वाहिनीच्या बाजूला एबी स्विच उघडा, डीओ फ्यूज काढलेले आणि डिस्चार्ज रॉड लावलेला असणे हे याशिवाय. या तिन्हींना पर्याय नाही.

शेजारची दोन-तीन रोहित्रे ११ केव्ही वाहिनीतूनच चालवण्याचा मोह होतो. इथे फसगत होते. आपली वितरण रोहित्रे उच्चदाब बाजूला डेल्टा जोडणीची असतात. उपकेंद्र तुटल्यावर त्या वाहिनीला भूसंपर्कच उरत नाही. एखादी तार तुटून शेतात पडली तरी पुरेसा दोषप्रवाह वाहत नाही, रिले शांत राहतो आणि तार जिवंत पडून राहते. झिगझॅग अर्थिंग रोहित्र किंवा शून्यक्रम व्होल्टेज ओळखणारे संरक्षण बसवल्याशिवाय अशी जोडणी करूच नये. त्यातच, इन्व्हर्टर दोषाच्या वेळी आपल्या क्षमतेच्या दीडपटीपेक्षा फारसा जास्त प्रवाह देत नाही. उपकेंद्राच्या भरवशावर निवडलेला फ्यूज तेवढ्यावर वितळत नाही. तात्पुरत्या पुरवठ्यासाठी संरक्षणाच्या सेटिंगचा वेगळा संच तयार ठेवावा लागतो.

लांब खंडित काळानंतर पुरवठा एकदम सुरू केला तर सगळे फ्रीज आणि पंप एकाच वेळी भार मागतात आणि साठा ट्रिप होतो. फीडर तुकड्या-तुकड्याने चालू करणे हाच उपाय. छतावरच्या सौर संचांची दखलही घ्यावी लागते. बॅटरी स्वतः व्होल्टेज आणि वारंवारता तयार करू लागली की ते तिला जोडले जातात आणि भर दुपारी बॅटरी भरलेली असताना वीज आत ढकलतात. अशा वेळी वारंवारता थोडी वाढवून त्यांना मागे हटवण्याची सोय असलेलाच इन्व्हर्टर घ्यावा.

वर्षभर साधन उभे ठेवणे परवडत नाही. पंढरपूरची आषाढी किंवा २०२७ चा नाशिकचा सिंहस्थ अशा ठिकाणी ते संध्याकाळचा कमाल भार उचलू शकते. दुपारी भरावे, सायंकाळी वापरावे. अडचण इतकीच की आषाढीची तयारी जूनमध्ये असते आणि निसर्गही जूनमध्येच आले होते. तौक्ते चक्रीवादळ २०२१ च्या मे महिन्यात आले. म्हणून वाहन कोकणासाठी परत बोलावण्याचा अधिकार कोणत्या परिमंडळाकडे, याचा लेखी आदेश हंगामापूर्वी निघाला पाहिजे. उभ्या काळात लिथियम बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवावी. हवामान खात्याचा इशारा येताच ती पूर्ण भरणे, प्रत्यक्ष भार देऊन तपासणे आणि डिझेल टाकीची नोंद घेणे ही जबाबदारी एका नेमलेल्या उपविभागीय अभियंत्याकडे असावी.