सहा नंबरची बस



या अंकाचा विषय 'बाई आणि रस्ता' असा ठरला, तेव्हा संपादक मंडळातल्या बहुतेकींनी छेडछाड, रात्रीची भीती, रस्त्यावरचे दिवे यांवर लेख आणायचे कबूल केले. ते लेख या अंकात आहेतच. मला मात्र त्या बैठकीत सारखी एक बस आठवत होती. ती आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या बफेलो शहरातली, सहा नंबरची बस.

बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातले, ईरी सरोवराच्या काठचे मध्यम आकाराचे शहर. १९५० साली तिथे ५ लाख ८० हजार लोक राहत होते. पुढे कारखाने बंद पडत गेले, ऐपत असलेली गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली, आणि २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ७८ हजारांवर आलेली होती. मेन स्ट्रीट हा रस्ता शहराची दोन शकले करतो. त्याच्या पूर्वेची ईस्ट साइड ही प्रामुख्याने कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची. माणसे इथे राहिली आणि कामे मात्र उपनगरांत गेली. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांना याचे काहीच वाटले नाही.

सिंथिया विगिन्स ही सतरा वर्षांची मुलगी याच ईस्ट साइडची. अंगावर पिणारे लहान मूल, शिक्षण अर्धवट. घराजवळ काम मिळाले नाही, तेव्हा तिने चीकटोवागा उपनगरातल्या वॉल्डन गॅलेरिया या मोठ्या मॉलमध्ये खाद्यपदार्थांच्या दुकानात नोकरी धरली. मॉलपर्यंत सहा नंबरची बस जात असे. म्हणजे मॉलच्या समोरच्या वॉल्डन ॲव्हेन्यूपर्यंत. मॉलच्या आवारात या बसला परवानगी नव्हती. कॅनडातून खरेदीला येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या मात्र थेट आत जात. सहा नंबरने येणाऱ्या बाईने बाहेर उतरायचे, सात पदरी रस्ता ओलांडायचा आणि मग कामावर जायचे.

१४ डिसेंबर १९९५ रोजी रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते. सिंथिया रस्ता ओलांडत असताना तिला ट्रकची धडक बसली. २ जानेवारी १९९६ रोजी ती गेली. त्यानंतर, लोक चिडल्यावर, बसला मॉलच्या आवारात थांबा मिळाला. जे इतकी वर्षे जमत नव्हते ते काही आठवड्यांत जमले. तिच्या कुटुंबाने दावा लावला. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक नको म्हणून ही बस बाहेर ठेवली, हा त्यातला आरोप मॉलवाल्यांनी नाकारला. १९९९ मध्ये सुनावणी सुरू झाल्यावर तडजोड झाली आणि साडेपंचवीस लाख डॉलर द्यायचे ठरले. ट्रकवाल्याचा त्यातला वाटा सर्वांत लहान होता. सर्वांत मोठा वाटा मॉलच्या मालकांचा होता, आणि सरकारी बस प्राधिकरणालाही पैसे भरावे लागले. तेव्हा हा अपघात कुणाचा, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी. सिंथिया गेली त्याच वर्षी, ऑगस्ट १९९६ मध्ये, अमेरिकेत कल्याणकारी मदतीचा कायदा बदलला. एकट्या आयांना सरकारी मदत हवी असेल तर त्यांनी काम केलेच पाहिजे, असे ठरले. या बायका आळशी आहेत, मदतीवर जगतात, असा प्रचार त्याआधी वर्षानुवर्षे चालला होता. सिंथिया तर कामावरच निघाली होती! कायदा करणाऱ्यांनी 'काम करा' म्हटले, पण कामापर्यंत बस कुठली, हे विचारले नाही.

मी हे सारे वाचले ते बफेलोत राहत असताना. काही वर्षांपूर्वी चार महिने मी माझ्या मावसबहिणीकडे, ॲम्हर्स्ट उपनगरात होते. शहरातल्या एका महिला केंद्रात आठवड्यातून तीन दिवस जायचे होते. पहिल्या दिवशी "मी बसने जाईन" म्हटल्यावर ताई म्हणाली, "अगं, इथे बसने कोण जातं?" तिच्या प्रश्नात तिरस्कार नव्हता. बारा वर्षांत ती एकदाही बसमध्ये चढली नव्हती, इतकेच. तिथल्या मराठी घरांत मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू आला, आणि त्याच्यामागून हळू आवाजात एक सल्लाही: ईस्ट साइडला जाऊ नकोस. इथे 'वस्तीत जाऊ नकोस' म्हणतात, तोच हा सूर. जातीचे शहाणपण समुद्र ओलांडून जाते आणि तिथल्या वर्णाच्या शहाणपणात सहज मिसळते.

बसने कोण जाते, ते मी चार महिने पाहिले. पहाटे रुग्णालयात फरशा पुसायला जाणाऱ्या, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या, हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बायका. शहराला मेट्रो रेल्वे आहे, पण तिची एकच लाइन, दहा किलोमीटरची. १९८४-८५ मध्ये ती सुरू झाली. ॲम्हर्स्टमधल्या विद्यापीठाच्या नव्या आवारापर्यंत ती न्यायची, असे मुळात ठरले होते. प्रत्यक्षात ती शहराच्या हद्दीशीच थांबली. तिथून पुढे बस, आणि हिवाळ्यात ती बस येईपर्यंत गुडघाभर बर्फात उभे राहणे. थांब्यावर रोज भेटणारी साठीची एक बाई मला म्हणाली, "पोरी, रविवारी माझी गाडी तासाला एक. ती चुकली की शिफ्ट चुकली. तीन शिफ्ट चुकल्या की काम गेलं."

तीनचा तो आकडा ऐकून मला एकदम आमच्या केंद्रातली एक फाइल आठवली. पुण्यात कुटुंब सल्ला केंद्रात मी काम करत होते. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेली एक बाई पुढच्या तीन तारखांना आली नाही. मी तिच्या फाइलीत लिहिले, 'अर्जदार सहकार्य करत नाही', आणि फाइल बंद केली. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माझ्या हाताने हे लिहिले. पुढे कळले की नदीकाठची तिची झोपडपट्टी उठवून त्यांना शहराच्या टोकाला घरे दिली होती. तिथून केंद्रात यायला दोन बस बदलाव्या लागत. येण्याजाण्यात चार तास जात, आणि चार तास घराबाहेर कुठे होतीस याचा हिशेब तिला त्याच नवऱ्याला द्यावा लागे. आम्ही तिला सल्ला द्यायला बसलो होतो अकरा ते पाच या वेळेत, आमच्या सोयीच्या जागी. तिची बस कुठली, हे मीही विचारले नव्हते. मॉलच्या मालकांवर बोट दाखवताना ही फाइल मला विसरता येत नाही.

आपल्याला शिकवले जाते ते व्यक्तीकडे पाहायला. तिचा स्वभाव, तिचे घर, तिची इच्छाशक्ती. नकाशा पाहायला कुणी शिकवत नाही. ईस्ट साइडमध्ये १९६०च्या दशकात हम्बोल्ट पार्कवे हा झाडांनी भरलेला जुना रस्ता खोदून तिथून द्रुतगती मार्ग काढला, उपनगरातल्या मोटारी लवकर शहरात याव्यात म्हणून. वस्ती दुभंगली ती पायी चालणाऱ्यांची. त्याच भागात किराणा-भाजीचे मोठे दुकान यावे म्हणून लोकांना वर्षानुवर्षे भांडावे लागले, तेव्हा २००३ मध्ये जेफरसन ॲव्हेन्यूवर एक आले. १४ मे २०२२ रोजी एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने नेमके तेच दुकान निवडून दहा कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. दुकान दोन महिने बंद राहिले, आणि दुःखात बुडालेल्या वस्तीपुढे भाजी आणायला जायचे कसे हाही प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी डिसेंबरच्या हिमवादळात त्या काउंटीत चाळीसहून अधिक माणसे मेली. शहरातल्या मृतांत कृष्णवर्णीयच अधिक होते. वादळ सर्वांवर सारखे येते, पण ते सोसायची तयारी सगळ्यांची सारखी नसते.

या इतिहासात केवळ हार नाही. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात १९५५ च्या डिसेंबरात रोझा पार्क्स यांना अटक झाली, त्या रात्री बहिष्काराची हजारो पत्रके छापली ती जो ॲन रॉबिन्सन आणि त्यांच्या महिला संघटनेने. ३८१ दिवस बसमध्ये न चढता चालत राहिल्या त्यांत गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. बस हा त्यांच्या दृष्टीने वाहतूक खात्याचा विषय नव्हता, माणूस म्हणून जगण्याचा होता. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये १९९६ पासून रात्री एकटी बाई दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ उतरवून मागू शकते. या सवलतीला खर्च जवळपास नाही. फक्त बाईचा रस्ता कुणीतरी विचारात घ्यावा लागतो.

आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. त्याचे स्वागत आपण केलेच. पण २०२१-२२ च्या संपात गाड्या महिनोन्महिने बंद होत्या, तेव्हा किती खेड्यांतल्या मुलींचे शिक्षण अडले, ते आपण पाहिले आहे. गाडीच नसेल तर अर्धे तिकीट कशाचे? आणि गाडी असून थांबा चुकीच्या जागी असेल, तर काय होते ते सिंथियाने दाखवले.

म्हणून एक काम सुचवते. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या भागातला एकच थांबा निवडावा. पहिली आणि शेवटची गाडी किती वाजता? दुपारी किती वेळ थांबावे लागते? थांब्यावर दिवा आहे का, जवळ मुतारी आहे का, रस्ता ओलांडायची सोय आहे का? तिथे उतरणाऱ्या बायका पुढे किती चालतात, आणि कुठे? त्यांनाच विचारा, त्यांच्याबरोबर चाला, आणि मिळालेले सारे कागदावर मांडून आगारप्रमुखांकडे व नगरसेवकांकडे जा. एक प्रत आम्हाला पाठवा. पुढच्या अंकाची पाने आम्ही त्यासाठी राखून ठेवत आहोत.

आणि ज्या आपण सल्ला केंद्रे, आधारगृहे, बचतगट चालवतो, त्यांनी सुरुवात आपल्याच दारापासून करावी. न आलेल्या बाईच्या नावापुढे शेरा मारण्याआधी तिला एवढेच विचारू या: बाई, तुझी बस कुठली?