डब्यातले नट-बोल्ट

दिवाळीत माहेरी माळा आवरताना एक पत्र्याचा डबा हाती लागला. वर आईच्या अक्षरात ‘बेसन’, आत मात्र दादाचे मेकॅनिक्स! भोकाभोकांच्या पट्ट्या, चाके, इवलेसे नट-बोल्ट आणि एक वाकडा झालेला पाना. दादा क्रेन बांधायचा, मी बोल्ट निवडून द्यायचे. मला भातुकली होती ना! पाना माझ्या हाती यायचा तो दादा क्रिकेटला गेला की. तो परत यायच्या आत सगळे खोलून पुन्हा डब्यात.

ह्या खेळण्याचे मूळ इंग्लंडात. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर सारखी भोके पाडली. त्यामुळे आज क्रेनला लावलेली पट्टी उद्या पुलालाही चालू लागली. १९०१ साली त्याने पेटंट घेतले, ‘मेकॅनो’ हे नाव १९०७ चे. पुढे १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर ह्यांनी किचकट समीकरणे सोडवणारे एक यंत्र उभारले, तेही बहुतांशी मेकॅनोच्या सुट्या भागांतून!

विद्यापीठाचे राहू द्या, मी आमच्या स्वयंपाकघरातले सांगते. आमची भोकांच्या अँगलची रॅक (तीही मोठ्यांचे मेकॅनोच, नाही का?) डुलायला लागली होती. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘‘वहिनी, नवीच घ्या.’’ ह्यांचेही तेच मत. मला मात्र दादाची क्रेन आठवली. चार पट्ट्यांचा चौकोन कितीही आवळा, दाबला की कलंडतोच. एक तिरपी पट्टी टाकली की त्याचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण हलत नाही. दादाची क्रेन ह्यापायीच पडायची. मला दिसायचे, पण सांगणार कोण!

तुमचीही रॅक डुलत असेल तर आधी सगळे डबे उतरवा. बोल्ट थोडे सैल करा. मग मागच्या बाजूने सुतळीने दोन्ही तिरकस अंतरे मोजा आणि ती सारखी होईपर्यंत रॅक सरळ करा. त्यानंतर दोन लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या लावून सगळे बोल्ट पक्के आवळा. डुलत्या स्टुलालाही तिरपा आधार असाच उपयोगी पडतो. गंजलेल्या बोल्टवर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा, जोर लावून त्याचे डोके झिजवू नका.

तयार संच महाग वाटतो? पुण्यात आयुकामध्ये मुलांसाठी काम केलेल्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेऊन हाच खेळ दाखवला आहे. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, गुल खरवडून काढलेल्या काड्या दोन्ही टोकांना खोचा. झाला सांधा! आधी चौकोन करायला लावा, मग त्रिकोण. फक्त तीन वर्षांखालचे मूल घरात असेल तर असले बारीक जिन्नस त्याच्या हाताला लागू देऊ नका.

आता त्या डब्याचे. आई म्हणाली, ‘‘दादाच्या मुलाला दे, मुलीला काय करायचंय?’’ मी काही बोलले नाही. डबा पिशवीत घातला, आणि आईने वर चकल्यांचा डबा ठेवला. तिला कळले असावे.

लेक तिसरीत आहे. पहिल्याच दिवशी तिचा पूल कलंडला. सांगायचे अगदी ओठांवर आले होते, पण मी भाजी निवडत बसून राहिले. पाऊण तासाने ती आली, ‘‘आई, अजून एक लांब पट्टी आहे का गं?’’

पाना आता तिच्या दप्तरात असतो. मला हवा असला की विचारून घ्यावा लागतो.