ग्रंथ मोजावेत की गरजा?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि त्यानुसार अनुदान ठरते. वर्ग ठरवताना ग्रंथांची संख्या, सभासद, नियतकालिके अशा मोजता येणाऱ्या गोष्टी पाहिल्या जातात. गावाला वाचायला काय हवे आहे, हा प्रश्न या मोजणीत बसत नाही. संख्या हाच निकष झाला की ती भरून काढणारी खरेदी होणार, हे ओघानेच आले.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दुसरे सूत्र वाचकाला त्याचा ग्रंथ मिळवून देण्याची जबाबदारी ग्रंथालयावर टाकते. हा वाचक म्हणजे केवळ वर्गणीदार नव्हे. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी तेलुगू भाषक विणकर कुटुंबे आहेत. मालेगाव-भिवंडीत उर्दू वाचणारा मोठा समाज आहे. तेथील ग्रंथालयाची खरेदी-यादी पुण्यातल्या यादीसारखीच असेल, तर ती यादी कोणाची गरज भागवते?

गरजा जाणून घेण्यासाठी खर्चिक पाहणी लागत नाही. मागितलेले पण न मिळालेले पुस्तक एका वहीत नोंदवावे. जनगणनेतून वय, भाषा आणि साक्षरता पाहावी. शाळेतले शिक्षक, बचत गटातल्या स्त्रिया, शेतमजूर यांना ग्रंथालयात का येत नाही, हे विचारावे. उत्तर बहुधा पुस्तकांपेक्षा वेळेत सापडेल: कामावरून सुटेपर्यंत दार बंद झालेले असते. मात्र हे काम तुटपुंज्या वेतनावरील ग्रंथपालाच्या माथी मारून चालणार नाही. कार्यकारी मंडळाने स्वतः गावात फिरले पाहिजे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लोकांना विचारले, तर स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणि अभ्यासिका एवढेच मागतील; मग कवितेचे कपाट कोणासाठी? येथे मागणी आणि गरज यांत फरक केला पाहिजे. मागणी बोलून दाखवता येते. ज्याला ग्रंथालय आपले वाटलेच नाही, त्याची गरज मुकी असते. परीक्षार्थींना जागा द्यावीच. त्यांच्यापैकी अनेकांना घरात शांत कोपरा नसतो. पण त्या टेबलांसाठी बालविभाग हलवला, तर उद्याचा वाचक आपण आजच गमावतो.

निवड करणे हे ग्रंथालयाचे काम राहणारच. ती निवड गाव पाहून व्हावी, एवढेच मागणे आहे. शासनानेही वर्गवारीच्या तपासणीत एक प्रश्न वाढवावा: गेल्या वर्षी येथे कोण आले नाही, आणि त्यासाठी आपण काय केले?