आईला खबरी करणारे संशोधन

मानकोली नाक्यावरून आत वळले की अंजूर, वळ, दापोडे ही आता गोदामांचीच गावे झाली आहेत. भातशेती गेली, पत्र्याच्या शेड आल्या. त्या शेडमध्ये पॅकिंग करणाऱ्या, खोक्यांवर लेबले चिकटवणाऱ्या बायकांचा आमचा एक गट आहे. दर रविवारी दुपारी जमतो. पगाराची चिठ्ठी मिळत नाही, संडास एक आणि बाया साठ, मुकादमाची जीभ फार सैल आहे, असे आमचे विषय. अशाच एका रविवारी मुंबईच्या एका अभ्याससंस्थेच्या दोन मॅडम आणि एक सर आले. आंतरराष्ट्रीय दहशतवाद आणि त्याला आळा घालण्यात स्त्रियांची भूमिका, असा त्यांचा विषय. सोबत छापील प्रश्नावली.

प्रश्न असे होते. तुमच्या मुलाच्या पेहरावात हल्ली बदल झाला आहे का? त्याने जुने मित्र सोडले का? तो रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर कोणाशी बोलतो? धर्माविषयी पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागला आहे का? असे काही दिसले तर तुम्ही कोणाला सांगाल?

चटईवर आम्ही एकोणीसजणी होतो. प्रश्नावली वाटली सातजणींना. सातही बुरखेवाल्या. माझ्या शेजारच्या आगरी मावशीने हात पुढे केला, तर मॅडम गोड हसून म्हणाल्या, "मावशी, हे तुमच्यासाठी नाही."

मावशी म्हणाली, "का गो? माझा पोरगा पण रातभर मोबाईलच बघतो."

हशा झाला. मला हसू आले नाही. त्या सातजणींपैकी एक आपा प्रश्नावली उलटसुलट करत हळूच मला म्हणाली, "दीदी, माझा मुलगा नमाजाला जात नाही म्हणून मी रडते. तो जायला लागला तर आता घाबरायचं का?"

पाहुण्यांना आमच्याकडून आणखीही काही हवे होते. सहा महिने गटाने अशा बैठका घ्यायच्या, 'बदल ओळखायला' आयांना शिकवायचे, आणि त्याबद्दल गटाला मानधन. आमच्या गटाची शिल्लक तेव्हा चार आकडीसुद्धा नव्हती. त्यामुळे दोन रविवार आम्ही ह्या एकाच गोष्टीवर भांडलो. त्या भांडणातून मला जे कळले ते इथे लिहिते आहे. आज ना उद्या अशी प्रश्नावली तुमच्याही दारात येईल.

पहिल्यांदा आमच्यातल्या एका मैत्रिणीचा आक्षेप. ती मुलुंडची. १३ मार्च २००३ ला मुलुंड स्टेशनात शिरणाऱ्या कर्जत लोकलमध्ये बॉम्ब फुटला, तो बायकांच्या डब्यात. तिची नणंद त्याच गाडीत मागच्या डब्यात होती, वाचली. ती म्हणाली, "ज्याने तो ठेवला त्याचीही आई असेलच ना? तिला कळलं असतं तर तिने गप्प बसायचं होतं?" त्या खटल्यातले काही आरोपी पडघ्याचे, म्हणजे आमच्या नाक्यावरून जाणाऱ्या ह्याच नाशिक महामार्गावर पुढचे. २०१६ साली पोटा न्यायालयाने दहाजणांना दोषी ठरवले. तेव्हा दहशतवाद हे सरकारने उठवलेले भूत आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्याच गाडीच्या, आपल्याच डब्यात तो येऊन बसलेला आहे.

माझे उत्तर असे. नाही, आईने गप्प बसू नये. पण ती ज्याला सांगणार, तो ऐकल्यावर काय करतो हे आधी पाहू या.

११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. पकडलेल्यांवर मोक्का लागला. १९९९ च्या ह्या कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. साध्या चोरीच्या खटल्यातसुद्धा तो चालत नाही. विशेष न्यायालयाने २०१५ साली तेरापैकी बाराजणांना दोषी धरले, पाचजणांना फाशी सुनावली, एकाला नऊ वर्षांनी निर्दोष सोडले. आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराहीजणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब ग्राह्य धरले नाहीत. बारांतला एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने वारला होता. निर्दोषपण ऐकायला त्याची बायको उरली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने ह्या निकालाचा दाखला दुसरीकडे देऊ नये असे म्हटले, पण सुटलेल्यांना परत आत जायला सांगितले नाही.

आता ह्यात बायका शोधा. एकीकडे त्या संध्याकाळी नवरा, मुलगा, बहीण घरी परतली नाही अशा बायका. त्यांना एकोणीस वर्षे सांगितले गेले की गुन्हेगार सापडले, तुम्हाला न्याय मिळाला. आज त्यांच्या हातात काय आहे? दुसरीकडे येरवडा, अमरावती, नागपूर, नाशिक अशा तुरुंगांच्या दारात उभ्या राहिलेल्या बायका. मुलाकातीचा नंबर, गाडीचे भाडे, शाळेत मुलांना 'अतिरेक्याची पोरे' म्हणणारे, भाड्याने खोली न देणारे. वर्तमानपत्रे ह्या दोघींना एकमेकींसमोर उभे करतात, जणू एकीला न्याय म्हणजे दुसरीवर अन्याय. मला वाटते दोघींना एकाच तपासाने फसवले. खोटा माणूस पकडला की खरा मोकळा राहतो, इतके साधे गणित आहे.

हे एकदाच घडले असते तर चूक म्हटली असती. ८ सप्टेंबर २००६ ला शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात स्फोट झाले. मेले मुसलमान, पकडलेले नऊजणही मुसलमान. २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, तोवर त्यातला एक जण वारला होता. २००८ च्या मालेगाव स्फोटात सहाजण गेले. त्या खटल्यातले सातही आरोपी, सगळे हिंदू, ३१ जुलै २०२५ ला पुराव्याअभावी सुटले. म्हणजे मालेगावच्या आयांना दोन्ही वेळा उत्तर नाही. आणि एक विचारते: ह्या सात आरोपींच्या खटल्यानंतर कोणी आपल्या वाड्या-सोसायट्यांतल्या आयांकडे प्रश्नावली घेऊन गेले का? मुलगा कोणत्या शिबिराला जातो, असे विचारले का? मावशीला प्रश्नावली नाकारली गेली त्याचे उत्तर इथेच आहे.

ज्या आयांनी व्यवस्थेशी सरळ बोलून पाहिले त्यांचे काय झाले? परभणीच्या आसिया बेगम. मुलगा ख्वाजा युनूस, दुबईत नोकरी करणारा इंजिनिअर. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बसस्फोटानंतर त्याला पकडले. जानेवारीत पोलिसांनी सांगितले की औरंगाबादला नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. पुढे सीआयडीने चार पोलिसांवर त्याच्या खुनाचा आणि पुरावा नष्ट केल्याचा खटला भरला. बरोबरचे सगळे आरोपी २००५ सालीच निर्दोष सुटले. प्रेत आईला मिळाले नाही. २०१२ साली उच्च न्यायालयाने वीस लाखांची भरपाई ठरवली, आणि २०२० मध्ये आरोपी पोलीस परत नोकरीत घेतले गेले. आईची ही चिकाटी कोणत्या प्रश्नावलीच्या कोणत्या रकान्यात बसते?

बाईची माहिती कायद्याला कशी लागते त्याचा आणखी एक नमुना. १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या खटल्यात मेमन कुटुंबातल्या एका सुनेला जन्मठेप झाली, कारण शस्त्रांसह सापडलेली गाडी तिच्या नावावर होती. तिचा नवरा सुटला. तिला काय माहीत होते त्याचा निवाडा न्यायालयाने केला, मी तो पुन्हा करत नाही. पण घर, गाडी, दुकान 'बायकोच्या नावावर' करण्याची आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. सही कुठे केली हेसुद्धा आपल्यातल्या कितीजणींना आठवते?

ह्या विषयावरचे संशोधन मी मिळेल तसे वाचले. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाने १९७० पासूनच्या जगभरच्या हल्ल्यांची मोठी यादी केली आहे, दोन लाखांवर नोंदी. तारीख, ठिकाण, हत्यार, मृत, जखमी. सरकारांनी केलेली हिंसा त्या व्याख्येत येत नाही. चुकीच्या अटकेचा रकाना त्यात नाही. आपल्याकडे टाडाखाली शहात्तर हजारांच्या आसपास माणसे पकडली गेली आणि शिक्षा दोन टक्क्यांनाही झाली नाही, म्हणून १९९५ मध्ये तो कायदा संपू दिला. त्या हजारोंच्या बायकांनी घर कसे चालवले त्याचा अभ्यास मला तरी कुठे सापडला नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसे मेली, श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. मार्चच्या स्फोटांत २५७. दुसऱ्यासाठी टाडा, विशेष न्यायालय आणि शंभर दोषी. पहिल्यासाठी काय, हे सांगायला नको.

गंमत म्हणजे ज्या ठरावाच्या जोरावर ही प्रश्नावली मानकोलीपर्यंत आली, तो मुळातून वाचला तर वेगळाच निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २०१५ चा २२४२ क्रमांकाचा ठराव. स्त्रिया कट्टरपणाकडे का वळतात ह्याचा अभ्यास करा, असे त्यात आहे. त्याच वाक्यात पुढे आहे की दहशतवादविरोधी धोरणांचा स्त्रियांच्या मानवी हक्कांवर आणि स्त्री संघटनांवर काय परिणाम होतो, त्याचाही करा. वाक्याचा पहिला अर्धा भाग छापून आला. दुसरा कुठे राहिला?

दुसऱ्या अर्ध्या भागाचे उदाहरण आमच्या गटातच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एनआयएने पडघ्याजवळच्या बोरिवली गावात छापे घातले. तो खटला न्यायालयात आहे, त्यावर मी बोलत नाही. पण त्यानंतर पडघ्याहून येणाऱ्या आमच्या दोन मुलींना गोदामाच्या दारावर सांगितले, आधारकार्डावरचा पत्ता बदलून आणा. त्यांचा रोज बुडाला. एकीने लग्न झालेल्या बहिणीचा पत्ता लावला, दुसरी घरी बसली.

आणि भिवंडीला बाहेरून कोणी शिकवायची गरज नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेले हे गाव. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पोलीस, यंत्रमागवाले, कामगार, हिंदू-मुसलमान एकत्र बसले. १९९२-९३ ला मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. पोलीस माणसांशी बोलत होते, म्हणून माणसे पोलिसांशी बोलली. खबऱ्याला घाबरतात, शेजाऱ्याला सांगतात.

थोडे आपल्याविषयीही. हुंडाबळी, बलात्कार, परित्यक्ता ह्या प्रश्नांवर आपण रस्त्यावर आलो. टाडा-पोटा-मोक्काच्या बायका दिसल्या तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणाल्या, हा मानवी हक्कवाल्यांचा विषय. मीही म्हटले होते. उद्या माझ्याच मोर्चात पोलिसांनी अडवून विचारले असते, 'अतिरेक्यांच्या बायकांना घेऊन आलात का', ह्या भीतीपायी. कायदा आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात खोट्या खटल्यांत भरडलेल्यांना भरपाईचा कायदा करा, असे सुचवले. तो झालेला नाही. फौजदारी कायद्यात आहे ती तरतूद अशी की विनाकारण अटक करवणाऱ्याकडून फार तर एक हजार रुपये मिळतील. हा कायदा व्हावा म्हणून स्त्री संघटनांचा एकही मोर्चा मला आठवत नाही.

शेवटी आम्ही मानधन नाकारले. अकरा विरुद्ध आठ. मुलुंडच्या मैत्रिणीने विरोधात हात वर केला आणि नंतर आमची प्रश्नावली लिहायलाही तीच बसली. तिचा पहिला प्रश्न: तुमच्या घरचे माणूस स्फोटात गेले असेल, तर तपास कुठवर आला हे तुम्हाला कोणी कधी येऊन सांगितले का? आपाचा दुसरा: नवरा आत असताना मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्याच्या जागी तुम्ही काय लिहिले? असे सोळा प्रश्न झाले. त्यातली एक प्रत त्या संस्थेला पाठवली, पोच आलेली नाही. मुंब्रा, कुर्ला, मालेगाव, परभणी इथल्या ज्या गटांना ही प्रश्नावली हवी असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. झेरॉक्सचा खर्च आम्ही करू, टपाल तुम्ही करा.