विषय भारी, पण खेळाचं काय?

एखाद्या गेमवर ‘मानसिक आरोग्य’ असं लेबल लागलं की आपण जरा जपूनच बोलतो. विषय एवढा नाजूक, मग ‘खेळताना कंटाळा आला’ असं म्हणायचं तरी कसं? पण मित्रांनो, म्हणायला हवं. ‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’चंच उदाहरण घ्या.

२०१७चा हा गेम केंब्रिजच्या निंजा थिअरी स्टुडिओतल्या जेमतेम वीसेक जणांच्या टीमने केला. नायिका सेनुआ ही सायकोसिसशी झगडणारी योद्धा. मेलेल्या प्रियकराचा आत्मा सोडवायला ती नॉर्स पुराणकथांमधल्या पाताळात उतरते. तिला ऐकू येणारे आवाज खरे वाटावेत म्हणून टीमने केंब्रिज विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांना आणि हा अनुभव स्वतः घेतलेल्या लोकांना सोबत घेतलं. हेडफोन लावून बघा, कुणी डाव्या कानात कुजबुजतं, कुणी पाठीमागून हसतं. अंगावर काटा येतो. २०१८च्या बाफ्टा गेम्स पुरस्कारांत गेमने पाच बक्षिसं मिळवली, त्यात ध्वनीचंही होतं.

कान जिंकले, पण हातांचं काय? त्यांना मुख्यतः दोनच कामं. तलवार चालवायची, नाहीतर दारावरच्या खुणेचा आकार आजूबाजूच्या झाडांत, सावल्यांत शोधायचा. यामागची कल्पना छान आहे. सायकोसिसमध्ये माणसाला असंबद्ध गोष्टींत अर्थ दिसू लागतो, तसा तो तुम्हालाही दिसावा. पण चार-पाच दारं झाली की त्यातली भीती उडून जाते आणि उरतो निव्वळ गृहपाठ. मारामारीचंही तेच. तेच शत्रू, तेच वार.

तुम्ही म्हणाल, ‘विषय पोचला ना, मग बास की!’ गडबड इथंच आहे. गोष्ट सांगते, सेनुआचे आवाज कापून टाकता येणार नाहीत, त्यांच्यासोबत जगायला शिकावं लागेल. आणि आपण सात-आठ तास काय करतो? कापाकापी. शेवटच्या लढाईत शत्रू संपतच नाहीत, हार मानली तरच गोष्ट पुढे सरकते. तिथं हात आणि गोष्ट एकच बोलतात. पण तोवर गेम संपत आलेला असतो.

याउलट २०१८चा छोटासा ‘सेलेस्ट’ बघा. डोंगर चढणाऱ्या मॅडेलिनची चिंता तिचंच रूप घेऊन मागे लागते. तिला सोडून द्यायला जावं तर मॅडेलिन थेट खाली कोसळते. दोघींचं जुळलं की हवेत एकाऐवजी दोनदा झेप घेता येते. स्वतःशी जुळवून घेणं म्हणजे काय, ते इथं नुसत्या संवादातून नाही, बोटांना कळतं.

एका गेमसाठी एवढं का ताणायचं? कारण आपल्यातल्या अनेकांना ‘सायकोसिस’ हा शब्द पुस्तकाआधी गेममध्येच भेटणार आहे. ‘सायको’, ‘वेडा’ तर आपण कँटीनमध्ये येता-जाता कुणालाही म्हणतो. आजार म्हणजे मारून टाकायचा राक्षस, असं हातांनी शिकलो तर गोळ्या चालू असलेल्या मित्राला आपण हेच विचारणार, ‘अजून बरा नाही झालास?’

म्हणून ‘हेलब्लेड’ जरूर खेळा, हेडफोन लावूनच खेळा. कौतुक करायचं ते मोकळेपणाने करा. पण कंटाळा आला तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगा. विषय चांगला म्हणून गेमला ग्रेस मार्क देऊ नका.